वेगळं निघायची सोय

"रिसीव्हर नकोच आता. एकत्र नकोच. वेगळंच करायचं ठरवलंय," श्रेयस गॅलरीत फोनवर कुणाला तरी सांगत होता. "एकत्र असलं की सगळा भार एकावर येतो. मग तापतं, आणि ऐन वेळी सगळंच बंद पडतं. हो, आभाला पटलंय. आईला अजून सांगितलं नाही. बघतो, सवडीनं सांगेन." मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मेथी निवडत होते. मधलं काचेचं दार बोटभर उघडं होतं, शनिवारच्या सकाळी सोसायटी अजून पांघरुणात होती, त्यामुळे शब्दन्‌शब्द कानावर पडला. ऐकणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं, हे मला कुणी शिकवू नये. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये उभी नोकरी काढलेली बाई आहे मी. हे मला ऐकू आलं, आणि मेथीची काडी हातात तशीच राहिली.

रिसीव्हर म्हणजे माझ्या लेखी एकच वस्तू, कानाला लावतात ती. या फ्लॅटमध्ये लँडलाइन आहे ती माझ्या हट्टापायी, माझ्या खोलीत, क्रोशाच्या रुमालाखाली. तिच्यावर बँकांच्या पोरींशिवाय कुणी फोन करत नाही, पण ती काढायला मी तयार नाही. म्हणजे नव्या घरात ती नको, असं चाललं होतं तर. आणि 'वेगळं' या शब्दाचा अर्थ मराठी घरात कुणाला विचारायला जायचा? भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, धाकटा वेगळा निघाला. ऐकणारा लगेच आवाज खाली आणून विचारतो, "कुणाचं पटत नव्हतं?" आता माझ्याबद्दल विचारतील. मला रडू यायला हवं होतं. मी वाट पाहिली. खरंच पाहिली, हात मांडीवर ठेवून, उशिरा धावणाऱ्या गाडीची वाट पाहावी तशी. आलं नाही. उलट छातीतून एक लांब श्वास निघाला, सिन्नरच्या गच्च भरलेल्या बसमध्ये अवचित खिडकीची जागा मिळाल्यावर निघतो तसा. हुश्श. आणि त्या हुश्शनं मी इतकी दचकले की निवडलेल्या पानांत काड्या टाकून बसले.

मुलगा वेगळा निघतोय हे कळल्यावर आईला सुटल्यासारखं वाटतं, हे कोणत्या पोथीत बसतं? आणि वाईट कोण आहे या घरात? श्रेयस सोन्यासारखा. आभा तर सुनेच्या जाहिरातीत शोभेल अशी, बँकेतून दमून आली तरी आधी विचारणार, "आई, तुम्ही जेवलात ना?" आमचे हे गेल्यावर पंधरवडा उलटायच्या आत दोघांनी मला सिडकोतल्या घरातून इथं गंगापूर रोडला आणलं. "आता एकटीनं काय राहायचं?" सगळेच म्हणाले. एकटीनं काय राहायचं याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण तेव्हा कुणी ते प्रश्न म्हणून विचारलं नव्हतं. मी आले. खोली मिळाली, पूर्वेची खिडकी मिळाली, गुडघ्यांना लिफ्ट मिळाली. आणि तेव्हापासून या घरात आम्ही तिघंही हळू बोलतो. मला पहाटे जाग येते, पण भांड्याचा आवाज होईल म्हणून चहा टाकत नाही. गादीवर बसून राहते, डोळे उघडे ठेवून, तुरुंगातल्या सज्जन कैद्यासारखी. रेडिओ कपाटात आहे. आभा तिच्या आईशी फोनवर बोलते तेव्हा "हो, हो, नंतर" एवढंच म्हणते आणि दूध आणायच्या निमित्तानं खाली जाते. आणि भांडायचं असेल तर हे दोघं पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसतात. मला माझ्या खिडकीतून गाडीचं टप दिसतं. आतला दिवा लागलेला, काचा बंद, आणि काचेच्या आत आभाचा हात वर-खाली होताना दिसतो. मग दोघं वर येतात, शांत, हसतमुख, आणि श्रेयस विचारतो, "आई, वरण गरम करू का?" मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं. अरे, भांडा की बाबांनो घरात. घर आणखी कशासाठी असतं?

आम्हाला नोकरीत पहिल्या दिवशी सांगितलं होतं: कॉल जोडायचा, दोन्हीकडून हॅलो-हॅलो झालं की आपली की, म्हणजे बोर्डावरची कळ, बंद करायची आणि लाइनवरून निघायचं. ऐकायचं नाही म्हणून तर होतंच, पण दुसरंही कारण होतं. ऑपरेटर मध्ये राहिली की आवाज वाटला जातो. बोलणारे दोघं, कान तीन. त्या दोघांनाही एकमेकांचा आवाज बारीक ऐकू येतो. तिसरीनं एक शब्द बोलायचीही गरज नसते. तिनं नुसतं असणं पुरतं. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी होते, पुंजाशेठ. कलकत्त्याला रोज अर्जंट कॉल लावायचे आणि मी जरा रेंगाळले की त्यांना लगेच कळायचं. "ओ बाई, निघा ना लाइनीतून! मला भाव ऐकू येत नाय अन्‌ तुम्ही मधी बसल्या हाय." मला हसू यायचं. मी की बंद करायचे आणि बोर्डावरचा दिवा बघत राहायचे: बोलणं चाललंय, बरं चाललंय. त्या दिव्याकडं बघण्यात एक सुख होतं, ते मला कुणाला सांगता आलं नाही. आता मी श्रेयस आणि आभाच्या मधे की उघडी ठेवून बसले होते. काही बोलत नव्हते, काही मागत नव्हते, कशात लुडबुड करत नव्हते. नुसती होते. आणि आम्हा तिघांचाही आवाज बारीक झाला होता.

दुपारी मी "जरा घराला ऊन-वारा देऊन येते" म्हणून सिडकोत गेले. भाडेकरू मास्तर-मास्तरीण दिवाळीनंतर बदली होऊन सटाण्याला गेले होते, घर मोकळंच होतं. श्रेयसनं एजंटला सांगून ठेवलं होतं आणि मी रोज मनातल्या मनात त्या एजंटच्या पायात काटा मोडो म्हणत होते. बसमधून उतरले तेव्हा अंबडची पहिली पाळी सुटली होती, मोटरसायकलींवर डबे लटकत होते, आणि कोपऱ्यावरच्या भेळवाल्यानं मला ओळखून मान हलवली. कुलूप कुरकुरलं. आत चुन्याचा आणि बंद पाण्याचा वास. दोन खोल्या, मागं मोरी, गच्चीवर जाणारा लोखंडी जिना. एवढंसं घर, आणि ह्यांनी अंबडच्या कारखान्यात घासघासून उभं केलेलं. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि का कुणास ठाऊक, मोठ्यानं म्हणाले, "हॅलो." रिकाम्या भिंतींनी ते उचललं आणि परत दिलं, जरा भरदार करून. माझा एवढा मोठा आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. मी पुन्हा म्हणाले. मग भिंतीपलीकडून यशोदाबाईंचा आवाज आला. आमचं आणि त्यांचं कुंपण एक, आणि त्यांचा आवाज कुंपण मानत नाही. "कोण ते? इंदिराताई का? राहायला येताय का काय?" "बघायला आले हो!" मीही ओरडून सांगितलं. "बघायचं काय त्यात? या की! पापड घालायला जोडीला माणूस नाही मला. नातीची परीक्षा आहे, सून म्हणते घरात बोलू नका. मग मी बोलू कुठं?" मी हसले, पोट धरून हसले. आणि हसता हसता मला अगदी स्वच्छ कळलं की मला इथं राहायचं आहे. मुलावर रागावून नाही, सुनेला कंटाळून नाही. मला पहाटे चार वाजता भांडी आपटत चहा करायचा आहे. एवढंच, आणि एवढं कुणाला कसं सांगायचं? पण आता सांगायची गरजच उरली नव्हती. तेच वेगळे निघणार होते. देव आहे म्हणायचा.

संध्याकाळी श्रेयस माझ्या खोलीत आला, पलंगाच्या कडेवर टेकला. "आई, तुला एक सांगायचं होतं." मी तोंडावर शांतपणा चढवला, लग्नात मुलीकडच्या बायका चढवतात तसा. "बोल ना." "रागावू नकोस. हॉलमधल्या भिंतीला, म्हणजे तुझ्या खोलीच्या लागून जी आहे ना, तिला रॅक लावायचा विचार आहे. तुझा पलंग पलीकडे सरकवावा लागेल. आवाज येईल म्हणून." कसला रॅक, मी म्हटलं. त्यानं फोनमध्ये चित्रं दाखवली. काळे डबे. एकापेक्षा एक काळे. होम थिएटर. आमच्या हॉलमध्ये पाच स्पीकर आहेत आणि ते चालवणारा एक डबा आहे, श्रेयस पुण्यात एकटा राहायचा तेव्हाचा. त्या डब्यालाच रिसीव्हर म्हणतात, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. "टीव्हीतून आलेला आवाज घ्यायचा, निवडायचा, सारखा करायचा, कुठल्या स्पीकरला काय द्यायचं ते ठरवायचं, आणि वर त्याला ताकदही द्यायची, सगळं तो एकटा करतो. खोली छोटी होती तेव्हा चालला. आता पिक्चर रंगात आला की तापतो आणि बंद पडतो. म्हणून वेगळं घ्यायचं म्हणतोय. निवडायचं काम प्रीअँपकडं, ताकदीचं काम पॉवर अँपकडं. दोन डबे." मी विचारलं, "म्हणजे तुम्ही कुठं जात नाही?" "कुठं?" "राहायला." मग मी सकाळचं ऐकलेलं सांगितलं आणि तो खो-खो हसला. दाराशी आभा आली, तिला सांगितलं, तीही हसली, इतकी मोठ्यानं की तिनं लगेच तोंडावर हात ठेवला. "अहो आई! आम्ही तुम्हाला सोडून जाऊ का?" मी पण हसले. आणि हसता हसता लक्षात आलं, निराशा झाली होती मला. मुलगा सोडून जात नाही म्हणून निराश झालेली आई नाशिकमध्ये तरी मी एकटीच असेन.

"अजून पक्कं होत नाहीये खरं तर," श्रेयस म्हणाला. "फोनवर ठरवलं म्हणतो, पण दुकानात गेलं की धीर होत नाही. मित्र म्हणतात, नवा मोठा रिसीव्हर घे, सुटसुटीत. आभा म्हणते वेगळं. उद्या येतेस का ऐकायला? तुझे कान तयार आहेत." माझा डावा कान हेडसेटनं केव्हाच अर्धा केलाय, हे मी त्याला सांगितलं नाही. कुणीतरी माझ्या कानांचं नाव काढलं होतं, मी नाही कशाला म्हणू? पण झोपताना पलंग पलीकडच्या भिंतीकडे सरकलेला डोळ्यांसमोर आला, आणि वाटलं, हे किती प्रेमानं करतील. किती प्रेमानं मला दर वेळी थोडं थोडं सरकवतील, आणि मी किती प्रेमानं सरकेन.

दुकान कॉलेज रोडला तळघरात. जाड गालिचा, भिंतींना कापड, मऊ खुर्च्या. आपण बोललेला शब्द तिथं ओठांवरच विरतो. मला ते जरा भुताटकीचं वाटलं. दुकानदाराचं नाव वाल्मीक, निफाडकडचा, बोलका. "बसा काकू. मधोमध बसा, हीच खरी जागा." आधी रिसीव्हर लावला. पडद्यावर लढाई सुरू झाली, माझ्या खुर्चीखालून हत्ती गेल्यासारखं झालं. मग एक बाई काहीतरी हळू बोलली. मग तेच सगळं दोन डब्यांवर. श्रेयस दर वेळी माझ्या तोंडाकडे बघायचा, डॉक्टरकडे बघावं तसा. फार मोठा फरक मला कळला असं मी म्हणणार नाही. कदाचित लढाईत ती बाई बोलते तेव्हा दुसऱ्या वेळी तिचा आवाज चिरडला गेला नाही. कदाचित ते मला ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं. आभा म्हणाली, "वेगळंच." श्रेयस म्हणाला, "पण पसारा वाढतो गं. दोन डबे, वायरी, रॅक." त्याची गाडी परत तिथंच. मग वाल्मीकनं एक तिसराच डबा पुढे ओढला आणि उलटा करून त्याची पाठ आम्हाला दाखवली. "दादा, मनाची तयारी नसली तर मधला रस्ता बी आहे. रिसीव्हरच घ्या, पण मागं ही अशी भोकं असलेला. आज सगळं एकत्र चालवा. उद्या वाटलं, भार होतोय, तर ताकदीचं काम इथून वेगळं काढता येतं. वेगळं निघायची सोय आहे याच्यात." "आणि सोय नसलेला घेतला तर?" मी विचारलं. "मग नाय जमत काकू. तो जळेपर्यंत एकत्रच." "आणि वेगळं केल्यावर ह्याचा त्याच्याशी संबंध?" वाल्मीकला प्रश्नच कळला नाही. "संबंध म्हणजे? मधी वायर असते ना. वायर काढली तर दोघंबी बिनकामाचे."

मी त्या डब्याच्या पाठीकडे बघत बसले. पितळी कड्यांची ती बारीक भोकं. किती वर्षं मी माझ्या पाठीला अशी काही सोय आहे का ते चाचपलंच नव्हतं. आमच्यात वेगळं निघायला भांडण लागतं, कुणीतरी वाईट ठरावं लागतं, लोकांनी आवाज खाली आणून विचारावं लागतं. भांडण नाही म्हणून वेगळं नाही, आणि वेगळं नाही म्हणून सगळे हळू बोलणार, जळेपर्यंत. आज बोलले नाही तर पलंग सरकेल आणि मग मी तिथंच सरकून राहीन. छातीत धडधड होत होती, आणि त्या कापडी भिंतींमुळे ती मला फार जवळून ऐकू येत होती. "श्रेयस," मी म्हणाले, "मला सिडकोच्या घरात राहायला जायचंय."

वाल्मीक शहाणा माणूस. चहा सांगतो म्हणून वर निघून गेला. श्रेयसचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी झाला होता तसा झाला. "आमचं काही चुकलं का?" "काही नाही चुकलं. तेच तर." मग मी त्याला की उघडी ठेवणाऱ्या ऑपरेटरची गोष्ट सांगितली, पुंजाशेठचीही. "मी लाइनवर असले की तुमचा आवाज बारीक होतो रे. आणि माझाही. तुम्ही गाडीत जाऊन भांडता, मी गादीवर बसून सकाळ व्हायची वाट बघते. कुणी वाईट नाही. तीन कान झालेत, एवढंच." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते शनिवारचं राहून गेलेलं रडू असावं. श्रेयस म्हणाला, "लोक काय म्हणतील? आईला बाहेर काढली म्हणतील." आभा गालिच्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला दिसतं वरून? गाडीतलं?" "तुझा हात दिसतो," मी म्हटलं. ती लालबुंद झाली.

परतताना मी मागच्या सीटवर होते. कॉलेज रोड संपायच्या आधीच आभा म्हणाली, "श्रेयस, त्यांना जायचंय. कुणी काढत नाहीये. तू ऐकतच नाहीस कधी." "मी ऐकत नाही? मी?" "नाही ऐकत! त्या पाच स्पीकरांचं ऐकतोस फक्त!" "आणि तू गेल्या रविवारी काय म्हणालीस?" आणि सुरू झालं. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघू लागला इतकं. आभा हातवारे करत होती, श्रेयस स्टिअरिंगवर हात आपटत होता, आणि मागं मी आहे हे दोघंही विसरले होते, किंवा विसरले नव्हते आणि तरीही भांडत होते. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. आभाचा आवाज चांगला खणखणीत आहे. मला माहीतच नव्हतं.

त्यांनी शेवटी वेगळंच घेतलं, दोन डबे. माझा पलंग सरकवावा लागला नाही, तो सरळ सिडकोत आला. आणि त्याच्याबरोबर तो जुना तापणारा रिसीव्हरही आला. श्रेयसनं स्वतः फडताळात बसवला, दोन स्पीकर लावले, माझा रेडिओ जोडून दिला. इथं तो तापत नाही. भार कमी झाला की तोच डबा किती शहाण्यासारखा वागतो. श्रेयस पहिले काही दिवस रोज संध्याकाळी येऊन जायचा, अपराध्यासारखा चपला काढायचा. परवा मात्र आला तो दारातूनच ओरडत, "आई, भूक लागलीय!" यशोदाबाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, "पोरगा आला का?" सगळ्या आळीला कळलं. आभा दर बुधवारी बँकेतून परस्पर येते, पाय वर घेऊन बसते आणि मला माझ्या मुलाच्या तक्रारी सांगते. बऱ्याचशा खऱ्या असतात.

आज सकाळी लँडलाइनची तार ओढायला माणूस आला होता. तो गेला आणि तासाभरात फोन वाजला. मी हात पुसत आले, क्रोशाचा रुमाल बाजूला केला, रिसीव्हर उचलला. "आई, आवाज येतोय?" श्रेयस म्हणाला. मागं आभा कुणावर तरी ओरडत होती, बहुधा त्याच्यावरच. मिक्सर फिरत होता, टीव्हीवर काहीतरी धडाधड कोसळत होतं, घर नुसतं गाजत होतं. "स्वच्छ येतोय," मी म्हणाले. सवयीनं माझा हात समोर गेला, की बंद करायला. तिथं की नव्हती, बोर्ड नव्हता, पलीकडे जोडून द्यायला दुसरं कुणी नव्हतं. उभ्या नोकरीत मी लोकांचे कॉल जोडून बाजूला होत आले. हा माझाच होता. मी स्टूल पायानं जवळ ओढलं, बसले, आणि लाइनवर राहिले.